शाळेपुरती कानदुखी

चारुलता खोटं बोलण्यात मुरलेली बाई नव्हती. म्हणून बोलायची वेळ आली तेव्हा तिनं ऑफिसातल्या कामासारखं आधी नीट आखलं, तपासलं आणि मग बोलायचं ठरवलं. घोटाळा तिथंच झाला. सवयीचा माणूस असता तर आयत्या वेळी काहीतरी ठोकून मोकळा झाला असता.

कारण तसं अगदी सज्जन होतं. वाईला तिच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. अप्पा, म्हणजे आत्माराम हेडमास्तर, एक्क्याऐंशीत आले होते. तेवढेच दिवे लावून त्यांना ओवाळायचं होतं, आणि ओवाळणार कोण, तर बर्लिनमध्ये बसलेली एकुलती एक लेक. गुरुजींनी पंचांग पाहून शुक्रवार धरला. बर्लिनच्या शाळांना शरदाची सुट्टी लागत होती ती नेमकी त्याच शुक्रवारी, शेवटची घंटा झाल्यावर. बुधवारी सकाळी निघाल्याशिवाय वाई गाठता येत नव्हती, आणि मधले दिवस तिसरीतल्या अन्वीची शाळा चालू होती.

चारुलताचा नवरा दत्ता कंपनीच्या कामासाठी आधीच पुण्याला गेला होता. तो तिकडूनच वाईला येणार होता. त्यामुळे ही गाठ सोडवायची वेळ चारुलतावर आली.

जर्मनीत शाळा बुडवणं ही पोरखेळाची गोष्ट नाही. सुट्टी हवी असेल तर मुख्याध्यापिकेकडे अर्ज करायचा, त्या हो म्हणाल्या तर जायचं, नाही म्हणाल्या तर गप्प घरी बसायचं. चारुलता अर्ज लिहायलाही बसली होती. पण गणपतीच्या आरतीला मराठी मंडळात ऊर्मिला भेटली आणि तिनं अर्जाचं नाव काढताच कपाळाला हात लावला.

"अगं वेडी आहेस का? विचारायचं नसतंच मुळी! विचारलंस आणि त्या नाही म्हणाल्या, तर मग आजारीही पडता येत नाही. आमच्या मुलाच्या, वेदच्या वेळी आम्ही खरं खरं सांगून अर्ज केला आणि बसलो हात चोळत. सरळ क्रांक आहे, आजारी आहे म्हणून सांग. सगळे तेच करतात."

"आणि एअरपोर्टवर पोलीस विचारतात म्हणे, मूल शाळेत का नाही म्हणून?"

"ते तिकडे दक्षिणेत, बायर्नमध्ये गं. आणि विचारलंच तर मुलीला शिकवून ठेव."

ऊर्मिला दहा वर्षं बर्लिनमध्ये होती आणि तिचं ब्युरोक्रसीतलं ज्ञान दांडगं समजलं जाई. चारुलताला ते पटलं. खरं सांगायचं तर तिला पटवूनच घ्यायचं होतं.

मग कोणतं आजारपण निवडावं यावर तिनं विचार केला. ताप म्हणावं तर हात लावला की कळतो. उलट्या म्हणाव्यात तर अन्वी डबा चाटूनपुसून खाते. कान दुखणं मात्र बाहेरून कुणाला दिसत नाही. शिवाय अन्वीला शनिवारपासून सर्दी झालीच होती. बर्लिनमध्ये ऑक्टोबर ते एप्रिल सगळ्याच पोरांची नाकं वाहतात आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. चारुलतानं हळदीचं दूध दिलं, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकलं, आणि वाहत्या नाकाचा आपल्या बेताला आयता आधार मिळाला म्हणून मनातल्या मनात बरंही वाटून घेतलं.

सोमवारी संध्याकाळी तिनं अन्वीला स्वयंपाकघरात समोर बसवलं. "उद्या शाळेत वर्गाच्या बाईंना, फ्राउ लिंडनरना सांगायचं, माझा कान दुखतोय. एकदा सकाळी सांगायचं, एकदा जेवणानंतर. म्हणजे परवा मी फोन केला की त्यांना नवल वाटणार नाही."

अन्वीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर यायचं ते जर्मनमध्ये. नाक ओढत ती म्हणाली की माझा कान तर दुखत नाहीये.

"नाहीच दुखत. हे फक्त शाळेपुरतं. आपल्याला अप्पांकडे जायचंय ना? आणि एअरपोर्टवर कुणी विचारलं तरी हेच सांगायचं."

अन्वीनं थोडा विचार केला. मग तिनं जर्मनमध्ये विचारलं, कान दुखत असेल तर मी विमानात कशाला बसेन?

आठ वर्षांच्या पोरीनं बेतातलं भोक बरोबर हेरलं होतं. "आल्झो, तर मग ठरलं," चारुलता म्हणाली आणि कढीला फोडणी द्यायला उठली. तेवढ्यानं विषय संपला असं तिला वाटलं. "आणि हे मराठीतच ठेवायचं बरं का," कढई सरकवत तिनं जोडून दिलं, "आपलं आपल्यात. शाळेत याबद्दल कुणाशी जर्मनमध्ये बोलायचं नाही."

मंगळवारी अन्वीनं कामगिरी चोख बजावली असावी. दुपारी चारुलता मीटिंगमध्ये होती तेव्हा मोबाइलवर शाळेचा नंबर उमटला. फ्राउ लिंडनर प्रश्न विचारतील, आपण अडखळू, पकडले जाऊ. फोन वाजू दिला, उचलला नाही, आणि नंतर उलट करायचाही टाळला. उद्या सकाळी शाळेच्या आन्सरिंग मशीनवर निरोप ठेवायचाच होता, तेव्हा आज कशाला उगाच तोंड उघडा, असा तिचा हिशेब.

संध्याकाळी ती बॅगा भरत होती. अप्पांसाठी लोकरी मफलर, आईसाठी गुडघ्याचा पट्टा, ओवाळताना नेसायची मोतिया रंगाची पैठणी. अन्वी दारात येऊन उभी राहिली. उजवा हात कानावर होता.

"मम्मा, माइन ओअर टूट वे," ती म्हणाली. माझा कान दुखतोय.

चारुलता खळखळून हसली. "शाब्बास! किती छान करतेस गं. पण आता घरी नको, उद्या कुणी विचारलं तरच." तिनं पोरीच्या गालाचा मुका घेतला आणि पैठणी पुन्हा घडीत बसवायला लागली. अन्वी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग जाऊन झोपली. इतक्या लवकर ती कधी झोपत नसे, पण सकाळी लवकर उठायचं होतं, त्यामुळे चारुलताला बरंच वाटलं.

बुधवारी सकाळी बाथरूमचं दार लावून घेऊन तिनं शाळेच्या मशीनवर निरोप ठेवला. आवाज मुद्दाम थोडा थकलेला काढला. अन्वीचा कान फार दुखतोय, या आठवड्यात ती येऊ शकणार नाही. फोन ठेवल्यावर आरशात पाहिलं तर कानशिलं लाल झाली होती.

एअरपोर्टवर सामान थेट मुंबईपर्यंत देऊन झालं. बर्लिनहून फ्रँकफुर्ट, तिथून मुंबई. तपासणीच्या रांगेत एक गणवेशातला गृहस्थ अन्वीकडे पाहून हसला आणि त्यानं सहज विचारलं, काय, सुट्टीला निघालीस वाटतं?

"माझा कान दुखतोय," अन्वी म्हणाली.

चारुलताच्या हातातला ट्रे निसटता निसटता वाचला. तो गृहस्थ मात्र "अरेरे, गूटे बेसरुंग, लवकर बरी हो" म्हणाला आणि पुढच्या माणसाकडे वळला. शाळेचं त्याच्या मनातही नव्हतं. चारुलताचा जीव भांड्यात पडला. पुढे आल्यावर तिनं अन्वीच्या खांद्यावर थोपटलं, "पुरे हं आता. आता कुणी विचारत नाही." अन्वीनं मान हलवली. तिचे डोळे पाणावलेले होते. सर्दीनं असेल, चारुलताला वाटलं.

विमान वर चढताना अन्वी एकदा कण्हली. वर गेल्यावर शांत झाली, चॉकलेट खाल्लं, खिडकीतून ढग बघितले. फ्रँकफुर्टसाठी विमान खाली यायला लागलं आणि मग मात्र ती किंचाळली.

ते किंचाळणं शिकवलेलं नव्हतं. आईला ते ओळखता येतं, पण तोवर उशीर झालेला असतो. अन्वी दोन्ही हातांनी उजवा कान गच्च धरून पुढच्या सीटवर डोकं आपटत होती. चारुलतानं तिला पाणी पाजलं, "आवंढा गिळ, बाळा, गिळ" म्हणून पाठ चोळली. मागच्या बाईनं सांगितलं, नाक दाबून फुंकायला लावा. चारुलतानं नाक दाबलं, "जोरात फुंक," म्हणाली, अन्वीनं आईवर विश्वास ठेवून जिवाच्या आकांतानं फुंकलं आणि तिला आणखीच दुखलं. हवाई सेविकेनं दोन कपांत गरम कागदी रुमाल कोंबून आणले आणि कानांना लावले. त्यानंही काही झालं नाही. चाकं जमिनीला लागायच्या जरा आधी अन्वी एकदम गप्प झाली. तिचं अंग सैल पडलं. चारुलतानं तिच्या कानावरचा हात बाजूला केला, तर बोटांना पाणी लागलं होतं, आणि त्या पाण्यात लाल रेषा होती.

एअरपोर्टवरच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. त्यांनी आधी दुखणं कमी करणारं औषध पाजलं, मग दिवा लावलेली नळी घेऊन आधी उजवा कान पाहिला, मग डावा, मग घसा, मग परत उजवा. मुलीकडे पाहून त्यांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

अन्वीनं डॉक्टरकडे पाहिलं, मग आईकडे. तिच्या तोंडून जर्मन येणार हे चारुलता गृहीत धरून होती. महिनाभर ती मुलीच्या मागे लागली होती, अप्पांशी एक तरी वाक्य मराठीत बोल, आपणहून बोल. अन्वी हसून टाळायची. आता ती आपणहून मराठीत बोलली, अगदी हळू, डॉक्टरला कळू नये म्हणून.

"आई, खरं सांगू की शाळेचं?"

चारुलताला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मराठी कशासाठी असते, हे पोरीला बरोबर समजलं होतं. आईनंच शिकवलं होतं.

"खरं," ती म्हणाली. मग परत म्हणाली, "खरं सांग, बाळा."

मग अन्वीनं जर्मनमध्ये डॉक्टरला सगळं सांगितलं. सोमवारी दुखत नव्हतं. मंगळवारी चित्रकलेच्या तासाला दुखायला लागलं. ते तिनं फ्राउ लिंडनरना सांगितलं. संध्याकाळी मम्माला सांगितलं. आज सकाळी त्या गणवेशवाल्या काकांनाही सांगितलं. ती तक्रार करत नव्हती, नुसती विचारल्याची उत्तरं देत होती. चारुलता खाली फरशीकडे बघत ऐकत होती.

डॉक्टरांनी हातमोजे काढले. चारुलताच्या पिशवीतून पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली डोकावत होती. विमानात वर असताना झाकण घट्ट लावलेली ती बाटली आता चेपून आत गेली होती. डॉक्टरांनी ती उचलून टेबलावर ठेवली.

"नाकापासून कानाच्या आत एक बारीक नळी जाते. एरवी तिच्यातून हवा आतबाहेर होते. सर्दीत ती सुजून बंद होते. विमान उतरताना बाहेरचा दाब वाढतो, आत हवा शिरत नाही, आणि पडदा असा आत ओढला जातो." त्यांनी बाटलीच्या खळग्यावर बोट ठेवलं. "हिच्या कानात आधीच सूज होती, पाणी साठलं होतं. त्यात हे. उजव्या पडद्याला छोटी चीर गेली आहे. बहुतेक वेळा ती आपोआप भरते, पण काही दिवस त्या कानानं नीट ऐकू येणार नाही. डाव्यातही पाणी आहे. आणि नाक दाबून जोरात फुंकायला लावलंत ना? सर्दीत तसं करू नका."

"पुढचं विमान दुपारी आहे," चारुलता म्हणाली. "मुंबईचं."

"मी तुम्हाला अडवू शकत नाही. वर असताना कदाचित काही होणारही नाही. लोक त्यालाच फसतात. खरा त्रास उतरताना. उजव्या कानाचं जे व्हायचं ते झालंय, पण हे नाक असंच असताना डावा कान त्यातून जाईल. हे कान भरून येईपर्यंत मी माझ्या मुलीला विमानात बसवलं नसतं. निर्णय तुमचा."

बाहेर बाकावर बसून तिनं दत्ताला फोन लावला. तो पुण्याहून वाईला निघाला होता, गाडीत होता. सगळं ऐकून तोही घाबरला, पण घाबरला की तो उपाय शोधायला लागतो.

"चारू, हे बघ, तिथले डॉक्टर फार सांभाळून बोलतात. नाकात थेंब घाल, उतरायच्या आधी पेनकिलर दे. मी मुंबईला घ्यायला येतो, थेट कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. अप्पा सकाळपासून चार वेळा फोन करून विचारतायत, विमान सुटलं का म्हणून. दिवे आणलेत, मांडव घातलाय. पुन्हा थोडंच येणार आहे हे सगळं?"

तेच तर होतं. पुन्हा येणार नव्हतं. वर्षभरात अप्पांच्या हाताला कंप सुटला होता, फोनवर बोलताना मधेच ते थांबायचे आणि कुठलं गाव, कुठलं साल, हे आईला विचारायचे. ही पैठणी नेसून त्यांना ओवाळायचं हे चारुलतानं वर्षभर डोळ्यांसमोर धरलं होतं. आणि डॉक्टर कदाचित म्हणाल्या होत्या, नक्की नव्हत्या म्हणाल्या. थेंब आहेत, औषध आहे. तिच्या मनानं एकेक करून सगळ्या पायऱ्या पुन्हा रचायला घेतल्या, आणि त्या रचल्याही जात होत्या.

तिनं अन्वीकडे वळून विचारलं, "आता कसं वाटतंय गं?"

औषधानं अन्वीला जरा हुशारी आली होती. तिनं आईच्या तोंडाकडे नीट पाहिलं. कोणतं उत्तर हवंय ते तिला तिथंच मिळालं.

"अप्पांकडे जायचं असेल तर मी नाही दुखत म्हणेन," ती म्हणाली. पुन्हा मराठीत.

फोनच्या दुसऱ्या टोकाला दत्तानंही ते ऐकलं. तो नुसतं म्हणाला, "परत जा तू घरी. इकडचं मी बघतो."

विमान कंपनीच्या खिडकीवर बरीच घासाघीस झाली. सामान मागाहून घरी पाठवू असं त्यांनी कबूल केलं. पैठणी आणि मफलर कुठल्याशा पट्ट्यावर पडून होते. खाली स्टेशनवर बर्लिनची गाडी मिळाली, जागाही मिळाली. चारुलतानं अन्वीला खिडकीशी बसवलं आणि स्वतः तिच्या उजव्या बाजूला बसली. फुल्डा गावाच्या अलीकडे बोगदे सुरू झाले तसं अन्वी दचकली, पण काही झालं नाही. तिनं डोकं आईच्या दंडावर टेकलं.

मोबाइलला रेंज आल्यावर चारुलतानं आधी शाळेला फोन केला. समोर एक आजोबा पेपर वाचत होते, पलीकडे दोन विद्यार्थी लॅपटॉप उघडून बसले होते. ती हळू बोलू शकली असती. मुद्दाम नाही बोलली. फ्राउ लिंडनर लाइनवर आल्यावर तिनं सरळ सांगितलं, सकाळी मी खोटं बोलले. आम्ही भारतात जायला निघालो होतो. माझ्या वडिलांचा समारंभ आहे. आणि आता अन्वीच्या कानाचा पडदा खरंच फाटलाय.



"पण तिचा कान मंगळवारीच दुखत होता," फ्राउ लिंडनर म्हणाल्या. "चित्र काढताना रडली ती. म्हणून तर मी तुम्हाला फोन केला होता. तिला घरी घेऊन जा, डॉक्टरना दाखवा, हे सांगायला."

चारुलताच्या डोळ्यांसमोर मीटिंगमध्ये टेबलावर थरथरणारा मोबाइल आला.

"आणि आजोबांच्या एक्क्याऐंशीव्या वर्षासाठी तुम्ही विचारलं असतंत, तर मी मुख्याध्यापिकेकडे शिफारस केली असती," त्या पुढे म्हणाल्या. कडवट नव्हत्या, नुसत्या थकल्यासारख्या वाटल्या. "आल्झो. मूल आजारी आहे, तर आजारी म्हणूनच लिहिते. बाकीचं आपण सुट्टीनंतर बोलू."

"हो," चारुलता म्हणाली. समोरच्या आजोबांनी पेपरातून मान वर केली नाही, पण पानही उलटलं नाही. अन्वी मात्र डोकं उचलून आईकडे बघत होती. आईनं हे सगळं जर्मनमध्ये, एवढ्या मोठ्यानं का सांगितलं, असा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर होता.

मग अप्पा. वाईला तेव्हा संध्याकाळ झाली असणार. फोन आईनं उचलला आणि लगेच त्यांच्या हातात दिला. चारुलतानं ठरवलं होतं, कान दुखतोय एवढंच सांगायचं. पण अप्पांचा आवाज ऐकला आणि तिला हुंदका आला, आणि मग ऊर्मिलेपासून बाटलीपर्यंत सगळं तिनं सांगून टाकलं. हेडमास्तरांची मुलगी शाळेत खोटं बोलली हेही सांगितलं.

अप्पा मधे थांबले नाहीत, हरवले नाहीत. सगळं ऐकून घेतलं.

"आमच्या शाळेत लग्नसराई आली की निम्म्या पोरांची पोटं दुखायची," ते म्हणाले. "मला काय कळत नव्हतं का? सगळं कळायचं. मामाच्या लग्नाला निघालेलं पोरगं असायचं, खिशात अक्षता असायच्या. तरी मी प्रत्येकाला टेबलावर आडवं करायचो आणि पोट दाबून बघायचो. शिक्षक हसायचे मला. पण एखाद्याचं खरंच दुखत असायचं, चारू."

चारुलतानं अन्वीच्या उजव्या कानाकडे पाहिलं.

"तू तिचा कान बघितला होतास का मंगळवारी?"

"नाही, अप्पा."

"हं," अप्पा म्हणाले. "तू मागाहून ये. हजार चंद्र बघितलेत मी, आणखी दोनचार बघेन. दिवे दत्ता लावेल, ओवाळणं तुझ्यासाठी ठेवतो. पोरीला सांभाळ. तिला आत्ता फोन देऊ नकोस, कानाला लावायचा नाही तिनं."

फोन ठेवून चारुलतानं डोळे पुसले. कान भरून यायला किती दिवस लागतील, तोवर अप्पा असेच असतील का, तिला ठाऊक नव्हतं. बाहेर सपाट शेतं आणि पवनचक्क्या पळत होत्या. अन्वी काचेवर बोटानं काहीतरी काढत होती.

"मम्मा," ती म्हणाली, आणि मग जरा अडखळून पुढचं मराठीत म्हणाली, "आता मला दुखलं की कसं सांगायचं? आधी 'खरं' म्हणायचं आणि मग दुखतंय म्हणायचं का?"

"नाही गं," चारुलता म्हणाली. "नुसतं दुखतंय म्हणायचं. शाळेचं वगैरे आता काही नाही. तू म्हणालीस की ते खरंच."

अन्वीनं कपाळाला आठ्या घातल्या आणि उजव्या कानाकडे बोट केलं.

"काय? या कानात नाही ऐकू येत."

चारुलता उठली. तिनं अन्वीला अलीकडे सरकवलं, स्वतः खिडकीच्या जागेवर, तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसली, आणि तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणाली.